नवी जमीन, शांत अवजारे

व्यापारी कुटुंबात घराची डागडुजी बहुधा दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी निघते. शेजाऱ्यांची विश्रांतीही नेमकी त्याच दिवशी असते. लॅमिनेटची जमीन घालणे हे एका खोलीपुरते काम, पण विजेच्या गोल करवतीचा कर्कश आवाज वर-खाली सर्व मजल्यांवर पोहोचतो आणि त्यातून आलेला दुरावा जिन्यात वर्षभर भेटत राहतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. गोल करवतीचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या आसपास असतो.

मुळात तिची गरज किती, याचा हिशेब मांडून पाहावा. १२ फूट लांब व १० फूट रुंद खोलीत १९५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांच्या सोळा ओळी बसतात. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक आडवा छेद. दोन ओळींचे सांधे फार जवळ येत असतील तेथे आणखी एखादा. म्हणजे पंधरा-वीस छेद. केवळ शेवटची ओळ अर्ध्या रुंदीची, म्हणून तिच्या तीन-चार पट्ट्या उभ्या कापाव्या लागतात.

आडव्या छेदांसाठी लांब दांड्याचा लॅमिनेट कटर पुरतो. तरफेच्या दाबाने पाते खाली येते, पट्टी तुटते. भुसा नाही, वीज नाही, केवळ ‘कट्’ असा एक आवाज. खरेदीपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात : पाते पट्टीच्या रुंदीपेक्षा लांब आहे ना, आणि आपल्या पट्टीची जाडी, मग ती ८ मिलिमीटर असो वा १२, त्याला पेलते ना. कापलेली कड किंचित दबते, म्हणून ती भिंतीकडे ठेवावी. तेथे फुगवट्यासाठी ८ ते १० मिलिमीटर फट सोडावीच लागते, ती स्कर्टिंगखाली झाकते.

उभा छेद मात्र या कटरचे काम नव्हे. तेथे इंचाला १२-१४ दात असलेली हातकरवत घ्यावी. पुढे ढकलताना कापणारी असेल तर नक्षीची बाजू वर ठेवावी आणि रेघेवर आधी धारदार चाकू ओढून घ्यावा, म्हणजे कपचे उडत नाहीत. लॅमिनेटच्या पृष्ठावरील ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर दात लवकर बोथट करतो. स्वस्तातली जुनी करवत येथे केवळ मनगट दुखवते. पट्टी क्लॅम्पने घट्ट धरावी, खाली जुनी सतरंजी घालावी. सैल पट्टीचा खडखडाट करवतीपेक्षा अधिक त्रासदायक असतो.

कारागिराला हे सर्व संथ वाटेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. अर्धा दिवस अधिक जाईल. म्हणून कोणते अवजार वापरायचे ते दर ठरवतानाच बोलून घ्यावे आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी त्याच बोलीत धरावी. काम सुरू झाल्यावर केलेली विनंती त्याच्या पोटावर येते. दोन घरांनी मिळून कटर घेतला, तर तो दुसऱ्या खोलीलाही उपयोगी पडतो.