करून पाहा : मिठाचं चित्र



‘बाई, आमच्याकडे रंगांना बंदी आहे. सांडतात ना!’ माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली. एकाच खोलीत सगळं घर, आईचं तरी काय चुकलं?

मग मला आपल्या भाईंदरची मिठागरं आठवली. भरतीचं पाणी वाफ्यांत अडवायचं. ऊन पाणी पळवतं, मीठ मागे राहतं. हेच कागदावर करू या.

अर्धी वाटी गरम पाणी मोठ्यांकडून घ्या. विरघळेनासं होईपर्यंत त्यात मीठ घालून ढवळा. (१०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, बाकीचं तळाशी बसतं.) काडीला कापूस गुंडाळा आणि काळ्या जाड कार्डपेपरवर चित्र काढा. दर वेळी पाणी ढवळूनच बोळा बुडवा आणि हात सैल सोडा, नुसतं पुसटसं फासू नका. आधी काहीच दिसणार नाही. घाबरू नका! उन्हात वाळलं की पांढरे, चमचमते कण उमटतील. सांडलंच, तर ओलं फडकं पुरे. पावसाळ्यात मात्र मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि चित्र पाणावतं.

त्या मुलीने उत्तनची होडी काढून आणली. कागद खिडकीत वाळत ठेवला होता म्हणे, आईनेच!