ड्रॉवरमधली गोळी

शुक्रवारी दुपारी आमच्या टीममधल्या एकाला सटासट शिंका सुरू झाल्या. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. संध्याकाळी रिलीज, त्यामुळे घरी जायची सोय नाही (शुक्रवारी रिलीज करू नये हे मॅनेजर सोडून सगळ्यांना कळतं, असो). शेजारच्याने शांतपणे ड्रॉवर उघडला, जुने चार्जर, सॉसची पाकिटं, मागच्या कंपनीचं आयडी कार्ड बाजूला सारलं आणि एक स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. "अ‍ॅझी आहे, पाचशेची. रोज एक, तीन दिवस. सोमवारी खडखडीत."

दीड वर्षापूर्वी तीच स्ट्रिप माझ्या ड्रॉवरमधून निघाली असती. या वेळी मी म्हटलं, "अरे नको घेऊस, सर्दी व्हायरसची असते. अ‍ॅझीचा व्हायरसवर काही उपयोग नाही." दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोड रिव्ह्यूत स्पेस मोजणाऱ्या माणसाकडे पाहतात. मला दोन मिनिटांत काही नीट सांगता येईना. म्हणून हा वीकेंडचा लेख.

आधी कबुली देऊन टाकतो. आई साताऱ्याला असते. वय ६८, मधुमेह आहे. एके दिवशी फोनवर म्हणाली, "अरे, उन्हाळी लागलीय. धण्याचं पाणी झालं, सब्जा झाला, आग काही थांबत नाही." मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "तुझ्या डब्यात मागच्या वेळची सिफिक्झिम उरलीय बघ, ती घे दोन दिवस." तिला बरं वाटलं. अडीच महिन्यांनी परत तेच. या वेळी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला फोन द्यायला सांगितला आणि पुण्यात बसून मी तिला सिप्रो चालू केली. बी.ई. कॉम्प्युटर! मला कोणी विचारलं नाही, मेडिकलवाल्यानेही नाही. मुलगा पुण्याला मोठ्या कंपनीत आहे म्हणजे त्याला कळत असणार.

तिसऱ्या वेळी, गणपतीत ती माझ्याकडे आली असताना, थंडी वाजून ताप भरला. कंबरेच्या एका बाजूला असह्य दुखत होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी कधी लघवीचं कल्चर केलं होतं?" मी गप्प.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. वर जंतूचं नाव, ई. कोलाय. खाली अठरा औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. वाचायला सोपं. सिफिक्झिम आर. सिप्रो आर. त्यांच्या आजूबाजूची ओळखीची नावं, आर, आर, आर. एस होते फक्त पाच. त्यातली एक साधी स्वस्त गोळी होती, नायट्रोफ्युरँटॉइन, १९५३ सालापासून बाजारात असलेली. मी लगेच तिच्यावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "ही मूत्राशयात छान काम करते, पण किडनीत पुरेशी उतरत नाही. इन्फेक्शन वर चढलंय. आधी आला असतात तर हिच्यावर भागलं असतं."

मग दहा दिवस रोज शिरेतून एर्टापेनेम. हे ज्या गटातलं औषध आहे तो गट डॉक्टर लोक मागे राखून ठेवतात, कारण त्याच्या पलीकडे फारसं काही उरत नाही. आई बरी झाली. पण रोज सकाळी सलाईनच्या खुर्चीत बसलेल्या तिला बघताना मला जे वाटायचं ते इथे लिहीत नाही.

माझ्या त्या दोन फोनांमुळेच हे झालं असं सिद्ध करता येणार नाही, हे मला माहीत आहे. तिच्या पोटात ते चिवट जंतू आधीपासूनही असतील. पण एक गोष्ट मला तोपर्यंत ठाऊकच नव्हती. लघवीच्या इन्फेक्शनमधला ई. कोलाय बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला असतो. आपण गोळी गिळतो तेव्हा ती फक्त दुखणाऱ्या जागी जात नाही. आतड्यातल्या कोट्यवधी निरुपद्रवी रहिवाशांवरही तिचा मारा होतो. साधे मरतात, चिवट उरतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत चिवटांचीच प्रजा वाढते. पुढच्या वेळी वर चढणारा जंतू त्यांच्यातलाच असण्याची शक्यता वाढते.

रिपोर्ट आणायला गेलो तेव्हा लॅबमधल्या मॅडमना विचारलं होतं, "हे आर तुम्ही ठरवता कसं?" त्यांना वेळ होता, मला आत नेऊन एक गोल प्लेट दाखवली. जेलीच्या पृष्ठभागावर जंतूंचा पांढुरका थर, साय धरल्यासारखा. त्यावर कागदाच्या छोट्या टिकल्या ठेवलेल्या, सहा मिलिमीटरच्या, प्रत्येक टिकलीत एक औषध. औषध चाललं तर टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. ते फूटपट्टीने मोजायचं, तक्त्याशी ताडून बघायचं. बस्स. पद्धत १९६६ सालची आहे, किर्बी आणि बावर यांच्या नावाची, आणि अजून चालते. काही टिकल्यांभोवती मोठी गोल वर्तुळं होती. काहींच्या पार कडेपर्यंत साय चढली होती. "हे तुमचं सिफिक्झिम," मॅडम म्हणाल्या.

ती जेली म्हणजे आगर. आपल्या घरात त्याला चायना ग्रास म्हणतात, दुधात घालून पुडिंग करतो तेच. प्रयोगशाळेत ते स्वयंपाकघरातूनच आलं. १८८१ साली जर्मनीत वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करत होते. जंतू वाढवायला जिलेटिन वापरायचे, ते उन्हाळ्यात वितळायचं आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. हेसेंनी बायकोला विचारलं, तुझी पुडिंगं उन्हाळ्यात कशी काय टिकतात? फॅनी हेसे म्हणाल्या, मी आगर घालते. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ती युक्ती कळली होती. कॉखने १८८२ च्या क्षयरोगाच्या शोधनिबंधात आगरचा ओझरता उल्लेख केला, फॅनीबाईंचं नाव घेतलं नाही. बग शोधणारा एक, क्रेडिट दुसऱ्याला.. इंडस्ट्री कुठलीही असो :-)

आता आपल्या भाषेत. ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे दोनाचा तिसावा घात, १०७ कोटींच्या वर. आणि प्रत्येक कॉपी करताना चुका होतातच. इतक्या कॉप्यांमध्ये एखादी चूक औषधापासून वाचवणारी निघते. २०१६ साली हार्वर्डमध्ये मायकल बेम आणि रॉय किशोनी यांनी हे डोळ्यांना दिसेल असं करून दाखवलं. चार फूट लांब, दोन फूट रुंद आगरची प्लेट. दोन्ही टोकांना औषध नाही, मग मध्याकडे जाताना पायरीपायरीने डोस वाढत जातो, अगदी मध्ये हजार पट. जंतू टोकांना सोडले. ते पहिल्या रेषेपर्यंत येऊन थबकतात. मग एका ठिकाणाहून एक फाटा पुढे घुसतो, पंख्यासारखा पसरतो, पुढच्या रेषेवर थबकतो. साधारण अकरा दिवसांत मधल्या हजारपटीवर पांढरी साय! व्हिडिओ दोन मिनिटांचा आहे, जरूर बघा, पण जेवताना नको.

माझ्या मते त्यातली खरी गंमत पायऱ्यांत आहे. एकदम मोठा डोस समोर आला की जंतूला तो ओलांडणं फार अवघड. मधे हलक्या पायऱ्या मिळाल्या की तो शिकत शिकत जातो. अर्धवट घेतलेल्या उरलेल्या गोळ्या म्हणजे काय, हे सांगायला नकोच.

आणि प्रत्येक जंतूला स्वतः शिकावंच लागतं असंही नाही. जपानमध्ये पन्नाशीच्या दशकात आमांशाचे असे जंतू सापडायला लागले, जे एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देत नव्हते. चार चुका एकदम होणं हिशेबात बसेना. १९५९ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की ई. कोलायकडून आमांशाच्या जंतूकडे ही ताकद आयतीच जाते, नुसत्या संपर्काने. डीएनएचं एक छोटं कडं, प्लाझमिड, हातोहात दिलं जातं. चक्क कॉपी-पेस्ट, तेही वेगळ्या जातीच्या जंतूला. आपल्या पोटातल्या निरुपद्रवी जंतूंना चिवट करून ठेवणं म्हणूनच निरुपद्रवी नाही.

थोडं विषयांतर. ही औषधं मुळात आली मातीतल्या सूक्ष्मजीवांकडून. पहिल्या पावसाचा तो वास ज्या जिओस्मिनमुळे येतो, तो बनवणारे स्ट्रेप्टोमायसिस हेच निम्म्या अँटिबायोटिक्सचे आजोबा. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली. तिथल्या संशोधकांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं, आणि ज्या जंतूपासून ते मिळालं त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आयटीत येणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की आपण रोज ट्रॅफिकला शिव्या घालत जातो त्या पिंपरीचं नाव एका जंतूने धारण केलंय!

ड्रॉवरमधल्या अ‍ॅझीचं मूळही मातीतच. १९४९ साली फिलिपिन्समधल्या इलोइलोची माती डॉ. अबेलार्दो आगिलार यांनी अमेरिकेला पाठवली, तिच्यातून एरिथ्रोमायसिन निघालं. १९८० साली झाग्रेबमधल्या प्लिव्हा कंपनीच्या केमिस्टांनी त्याच्या रेणूच्या कड्यात एक नायट्रोजन बसवला आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन तयार झालं. ते शरीरात प्रचंड रेंगाळतं. निम्मं व्हायला सुमारे ६८ तास लागतात. म्हणून तीन दिवसांत कोर्स संपतो, आणि म्हणूनच ते लोकांना आवडतं. पण ते रेंगाळणं म्हणजेच उतरता हलका डोस. २००७ साली लॅन्सेटमध्ये बेल्जियममधला एक अभ्यास आला होता. निरोगी माणसांना अ‍ॅझी दिली, पाचशेची, रोज एक, तीन दिवस. म्हणजे अगदी आमच्या ऑफिसचंच प्रिस्क्रिप्शन. त्यांच्या तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमध्ये औषधाला न जुमानणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि सहा महिन्यांनंतरही ते पूर्वपदावर आलेलं नव्हतं. तीन गोळ्या, सहा महिने.

"पण मला तर अ‍ॅझीने बरं वाटतं" हा युक्तिवाद मी स्वतः दहा वर्षं केला आहे. सर्दी औषधाने सात दिवसांत बरी होते आणि औषधाविना आठवड्यात. कोविडमध्येही आपण अ‍ॅझी चण्याफुटाण्यासारखी खाल्ली. २०२१ साली ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की हॉस्पिटलमधल्या कोविड रुग्णांना तिचा फायदा झाला नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे: खरा घोळ कोंबड्यांच्या खाद्यात आणि सांडपाण्यात आहे, माझ्या एका स्ट्रिपने काय होतंय? खाद्याचा मुद्दा खराच आहे. जनावरांसाठी कॉलिस्टिन वापरण्यावर भारताने २०१९ साली बंदी घातली ती उगाच नाही. पण आईला सिप्रो कोंबडीने दिली नव्हती.

कायदा म्हणाल तर तोही आहे. अ‍ॅझी चिठ्ठीशिवाय विकायचीच नाही. सिफिक्झिम २०१४ पासून शेड्यूल एच-वन मध्ये आहे, म्हणजे दुकानदाराने वहीत डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव लिहायचं. २०१६ पासून सरकार सांगतंय की स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली की मनाने घेऊ नका. केरळने २०२४ साली चिठ्ठीविना विक्रीवर धाडी टाकल्या आणि अँटिबायोटिक्स निळ्या पाकिटांतून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तेवढी धडाडी व्हावी असं मला मनापासून वाटतं. जिथून लॅब चाळीस किलोमीटरवर आहे अशा वाडीतल्या माणसाने मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेतली तर मी त्याला काही बोलणार नाही. पण आपण? मेडिक्लेम आहे, घरी येऊन सॅम्पल नेणारी लॅब आहे, वर्क फ्रॉम होम आहे. आणि गोळी न देणाऱ्या डॉक्टरला एक स्टार देणारेही आपणच.

जिथे खरंच गरज आहे तिथे अँटिबायोटिक टाळा, असं मी अजिबात म्हणत नाहीये. न्यूमोनिया झाला, रक्तात इन्फेक्शन गेलं, तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. २०१९ साली औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज आहे. त्या माणसांना औषध हवंच होतं, ते लागू पडलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ड्रॉवरमधून, डब्यातून आणि फोनवरून अँटिबायोटिक नको. आणि डॉक्टरांनी लिहून दिलंच तर "आधी कल्चर पाठवायचं का?" एवढं विचारायला लाजू नका. पाच-सातशे रुपयांत काम होतं, आणि सॅम्पल पहिल्या गोळीच्या आधी द्यायचं असतं.

आईला मी हे सगळं प्लेटच्या फोटोसकट समजावलं. तिने टिकल्या बघितल्या, फॅनीबाईंची गोष्ट ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे चायना ग्रासमध्ये जंतू छान वाढतात होय? आणि तू मला लहानपणी शिळं पुडिंग टाकू द्यायचा नाहीस."

लेख लिहून होईपर्यंत शिंकेवाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप आलाय. "सर्दी पळाली रे. दोनच लागल्या. एक उरलीय, ड्रॉवरमध्ये ठेवतो, तुला लागली तर घे."