गिरणी जपायची तर तिचे पाणीही जपावे



जुन्या गिरण्यांच्या जतनाची चर्चा महाराष्ट्रात धुरांड्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालल्यामुळे हे स्वाभाविक असले, तरी आधुनिक सूतगिरणी प्रथम उभी राहिली ती खेड्यातल्या वाहत्या पाण्यावर. आणि अशा गिरणीची केवळ इमारत राखणे हे जतन अपुरेच म्हणावे लागेल.

इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातील क्रॉमफर्ड येथे रिचर्ड आर्कराइट याने १७७१ मध्ये ‘वॉटर फ्रेम’साठी, म्हणजे रुळांच्या जोड्यांमधून पेळू ताणून त्याला पीळ देणाऱ्या यंत्रासाठी, गिरणी उभारली. शिशाच्या खाणीतील पाण्याचा निचरा करणारा बोगदा या गावात बाहेर पडत असे आणि भूगर्भातून येणारे ते पाणी कडक थंडीतही गोठत नसे, हा जागेचा मोठा गुण होता. इमारत पाच मजली, लांब आणि अरुंद झाली, कारण दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचा उजेड मध्यापर्यंत पोहोचणे आणि पाणचाकाची गती दांडे व पट्टे यांच्या साहाय्याने प्रत्येक मजल्यावर नेणे आवश्यक होते. स्थापत्याच्या पुस्तकांत या खिडक्यांचे कौतुक होते. चाकापर्यंतच्या पाटाचे मात्र क्वचितच.

वास्तविक गिरणीचे भवितव्य त्या पाण्यानेच ठरवले. खाणवाल्यांनी अधिक खोल बोगदा खणल्यावर क्रॉमफर्डचे पाणी आटू लागले, आणि १८३९ च्या ‘आर्कराइट विरुद्ध गेल’ खटल्यात न्यायालयाने असा निर्णय दिला की, खाणीच्या सोयीसाठी काढलेला हा प्रवाह कृत्रिम असल्याने तो कायम मिळण्याचा हक्क गिरणीला नाही. भिंती शाबूत होत्या. चाक फिरवणारे पाणीच गेले.

पाट आणि बोगदे राखणे खर्चिक असते, हा आक्षेप खरा आहे. परंतु युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक वारसा ठरवला तो क्रॉमफर्डसह डरवेंट नदीच्या खोऱ्याचा सुमारे २४ किलोमीटरचा पट्टा, एकटी इमारत नव्हे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की धान्य दळणारी असली, तरी डोंगरातील झऱ्यापासून तिच्यापर्यंत पाणी आणणाऱ्या नहरीला, म्हणजे भूमिगत जलवाहिनीला, हाच न्याय लागू पडतो. पुरातत्त्व विभाग व महापालिका यांनी नहरीचा संपूर्ण मार्ग नकाशावर आखून त्यावरील खोदकाम व बांधकाम यांना पूर्वपरवानगीची अट घालावी. गाळ काढण्याचा खर्चही स्मारकाच्या वार्षिक तरतुदीतच धरावा.

एक वाचक