कान्ह आपलीच, मैलाही आपलाच

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभे राहिले की होळकरांनी आपल्या माणसांची स्मारके नदीकाठी का बांधली ते कळते. खालचे पाणी पाहिले की आपण त्या नदीचे काय केले तेही कळते. जुनी मंडळी तिला खान म्हणत, सरकारी कागदांत ती आता कान्ह आहे. नाव बदलले, पाण्याचा प्रश्न राहिला.

हा प्रश्न नवा नाही. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल लिहिला. सगळी घाण गटारात लोटण्यापेक्षा ती मातीला परत द्यावी, नदीकाठ साफ करून तेथे बागा कराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपण त्याच काठावर उभे आहोत.

काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नाल्यांत थेट सोडलेली हजारो तोंडे बंद करून ती मलवाहिनीला जोडली गेली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. कबीटखेडीला रोज २४.५ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करू शकणारा प्रकल्प आहे. तेथे आधी जाळीने कचरा अडवतात, मग वाळू खाली बसवतात. नंतर मोठ्या टाक्यांत हवा सोडतात, की जिवाणू मैला खातात. मग हवा थांबवून गाळ बसू देतात आणि वरचे निवळ पाणी काढून घेतात. आपल्या उष्ण हवेत हे जिवाणू जोमाने काम करतात. परंतु प्रकल्पापर्यंत जेवढे पोहोचेल तेवढेच शुद्ध होणार. वाटेत नाल्यात गेले ते गेलेच.

हे पाणी मुळात कुठले? १९७८ पासून आपण नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून, भारी वीज खर्चून आणतो. ते एकदा वापरले की त्याचीच कान्ह होते. उन्हाळ्यात या नदीत दुसरे वाहते पाणी असते तरी किती? पुढे उज्जैनजवळ त्रिवेणीला ती शिप्रेस मिळते. २०१६ च्या सिंहस्थाच्या वेळी कान्हचे पाणी नळातून घाटांच्या पलीकडे नेले. २०२८ च्या सिंहस्थासाठीही बंद नलिकेचेच काम हाती घेतले आहे. भाविकांची सोय व्हावी, याबद्दल वाद नाही. पण पाणी वळवणे म्हणजे पाणी शुद्ध करणे नव्हे. घाटाच्या खालच्या गावांतही माणसेच राहतात.

डिसेंबर २०२५ अखेरीस भागीरथपुऱ्यात मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला आणि माणसे दगावली. स्वच्छतेचे पुरस्कार एकामागून एक मिळवणाऱ्या शहरात हे घडले. जमिनीखाली मलवाहिनी कुठून जाते आणि पिण्याची वाहिनी कुठून, हे ज्या शहराला गल्लीगल्लीत सांगता येत नाही, त्याने मोठ्या प्रकल्पांवर निर्धास्त राहू नये.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. शुद्ध केलेल्या पाण्याची रोजची तपासणी प्रत्येक झोन कार्यालयाबाहेर फळ्यावर लागावी. ते पाणी बागा, बांधकाम आणि शेतीला आधी मिळावे. जुन्या वस्त्यांतील दोन्ही वाहिन्यांचे नकाशे खुले व्हावेत. नगरनिगमच्या पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारावे, मग तो मराठी असो वा नसो.

आणि एक काम आपले स्वतःचे. रामबाग, नारायण बागेपासून राजेंद्र नगरपर्यंत आपली कित्येक घरे जुनी आहेत. आपल्या न्हाणीघराचे आणि संडासाचे पाणी नेमके कुठे जाते, हे या महिन्यात प्रत्येकाने प्लंबर बोलावून पाहून घ्यावे. ते नाल्यात जात असेल तर नगरनिगमकडे बोट दाखवण्याचा आपला अधिकार तेथेच अर्धा संपतो. आधी आपले दार, मग निगमचे.