विंचवाचे बिऱ्हाड आणि त्याचे वजन

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आहे. चंबूगबाळे थोडे असेल तर हिंडणे सोपे, हा तिचा अर्थ. अमेरिकेत मोटारसायकलीवरून दूरचा प्रवास करणाऱ्या अनेकांनी मात्र आपले बिऱ्हाड पाठीवरून उतरवून मागे बांधले आहे. दोन चाकांची एक लहान पेटी मोटारसायकलीमागे जोडायची आणि मुक्कामी पोहोचल्यावर तिचे झाकण बाजूला उलगडायचे. त्यासरशी कापडी तंबू उभा राहतो आणि जमिनीपासून हातभर उंचीवर दोघांना पुरेल असा बिछाना तयार होतो. या घडीच्या तंबूगाडीला तिकडे 'पॉप-अप कॅम्पर' म्हणतात. दक्षिण डाकोटातील स्टर्जिस गावी १९३८ साली सुरू झालेल्या मोटारसायकलींच्या मेळाव्यासाठी जे हजारो स्वार लांबून येतात, त्यांच्यात अशा तंबूगाड्या ओढत आणणारेही असतात.

हा प्रकार चैनीचा म्हणून हिणवणे सोपे आहे; पण ते न्यायाचे होणार नाही. होंडा कंपनीची 'गोल्ड विंग' ही दूरच्या प्रवासाची मोटारसायकल १९७५ साली बाजारात आली. त्या काळी ऐन तारुण्यात असलेले स्वार आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांची हौस संपलेली नाही, पण ओल्या जमिनीवर रात्र काढली की सकाळी गुडघे आणि कंबर आपले म्हणणे मांडतात. ज्याला जमिनीवर झोपणे अशक्य झाले आणि रोज हॉटेलचे भाडे परवडत नाही, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात : प्रवास सोडणे किंवा बिछाना बरोबर नेणे. तो दुसरा मार्ग पत्करतो यात हसण्यासारखे काही नाही. तंबूगाडी घ्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न होय. परंतु घ्यायचीच असेल, तर ती कोणत्या कसोटीवर निवडावी, याचा विचार मात्र अनेकदा उलट्या टोकाकडून केला जातो.

गिऱ्हाईक दुकानात गेले की पहिला प्रश्न बिछान्याच्या रुंदीचा असतो. मग तंबूत ताठ उभे राहता येईल काय, कपडे बदलायला वेगळी जागा आहे काय, पुढे सावलीचे कापड लावता येईल काय, बर्फाच्या पेटीला बैठक आहे काय, हे प्रश्न येतात. हे सारे प्रश्न रात्रीचे आहेत. तंबूगाडीचा धोका मात्र दिवसाचा आहे. ती महामार्गावर वेगाने मागे धावत असते तेव्हाचा. म्हणून ती रात्रीसाठी विकत घेतली, तरी दिवसासाठी निवडली पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, ज्या मोटारसायकलींमागे या गाड्या अधिक करून दिसतात, त्यांच्या उत्पादकांनाच हे मान्य नाही. होंडाच्या गोल्ड विंगबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ही मोटारसायकल ट्रेलर ओढण्यासाठी बनविलेली नाही, अशी स्पष्ट सूचना असते. हार्ले-डेव्हिडसनच्या पुस्तिकांतही ट्रेलर जोडू नये, असे बजावलेले असते. ही सूचना धाब्यावर बसवून हजारो स्वार सुखरूप प्रवास करतात, हेही खरे. पण ते स्वतःच्या जबाबदारीवर. आणि जबाबदारी घ्यायची म्हणजे निदान हिशेब करायचा.

तो हिशेब शाळकरी मुलालाही येण्याजोगा आहे. मोटारसायकल ३८० किलो, तीवरील दोन माणसे १५० किलो आणि सामान २० किलो, असे धरले तर रस्त्यावर धावणारे वजन ५५० किलो होते. रिकामी तंबूगाडी १३० किलोंची घेतली आणि तीत ५० किलो सामान भरले की मागे १८० किलोंची भर पडते. म्हणजे थांबवावयाचे वजन सुमारे एकतृतीयांशाने वाढले. ब्रेक मात्र होते तेवढेच, कारण या लहान गाड्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. अचानक पुढे हरीण आले, तर बिछाना किती रुंद आहे याला काडीचीही किंमत उरत नाही.

दुसरा हिशेब दांडीवरील भाराचा. बैलगाडीत ओझे मागे सरकले की गाडी उलाळ होते, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. येथेही तोच नियम लागू आहे. भरलेल्या तंबूगाडीच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडदांडीवर यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे; त्याहून कमी आला तर गाडी वेगात डावी-उजवीकडे झुलू लागते आणि ते झुलणे मोटारसायकलीला घेऊन पडू शकते. वरील उदाहरणात हा भार १८ ते २७ किलो होतो, आणि तो मोटारसायकलीच्या मागच्या टोकावर बसतो. समजा, त्या मोटारसायकलीची भारमर्यादा १९० किलो आहे. माणसे आणि सामान मिळून १७० किलो आधीच झाले. उरलेल्या २० किलोंत हा भार कसाबसा बसेल किंवा बसणारही नाही. शिवाय तो मागच्या चाकाच्याही मागे पडत असल्याने पुढचे चाक हलके होते. हा आकडा दुकानदार आपण होऊन सांगेलच असे नाही. तो गिऱ्हाइकाने विचारला पाहिजे.

तिसरी बाब सांध्याची आणि चाकांची. मोटारसायकल वळणावर कलते, मागची गाडी सरळ राहते. म्हणून मधला सांधा स्वतःभोवती मोकळा फिरणारा हवा. मोटारसायकलीचा माग एक असतो, तंबूगाडीचे दोन; स्वाराने खड्डा हुशारीने चुकवला, तरी मागचे एक चाक नेमके त्यात जाते. आठ इंची चकतीचे लहान चाक ताशी ९० किलोमीटरच्या वेगाला मिनिटात अकराशेहून अधिक फेरे घेते, तर बारा इंचीचे सुमारे नऊशे. लहान चाकाचे बेअरिंग अधिक तापते आणि खड्डा त्याला अधिक जाणवतो. तेव्हा मोठे चाक आणि बुटकी, अरुंद पेटी हीच निवड शहाणपणाची. वायोमिंगमधून जाणाऱ्या ८० क्रमांकाच्या महामार्गावरचे आडवे वारे ज्यांनी सोसले आहेत, त्यांना उंच पेटीचे दुर्गुण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या बाबतीत ब्रिटनचा कायदा लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे मोटारसायकलीचे इंजिन १२५ सीसीहून मोठे असल्यावाचून ट्रेलर जोडता येत नाही. त्याची रुंदी एक मीटरपेक्षा अधिक चालत नाही. भरलेले वजन १५० किलो किंवा मोटारसायकलीच्या वजनाचे दोनतृतीयांश, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता येत नाही. वेगालाही मोटारमार्गावर ताशी ६० मैलांची मर्यादा आहे. वरील उदाहरणातील तंबूगाडी तेथे बेकायदा ठरली असती. हा कायदा अमेरिकन स्वाराला बांधील नाही आणि तो त्याला जाचकही वाटेल. पण कायदा नसला तरी कसोटी म्हणून ते आकडे वापरण्यास कोणाची हरकत असणार?

अनुभवी स्वार यावर म्हणतील की, आम्ही याहून भारी गाड्या हजारो मैल ओढल्या, काही बिघडले नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु ते वेग आवरतात, पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवतात, दर मुक्कामी टायरमधील हवा पाहतात. हा त्यांचा अनुभव नव्या गिऱ्हाइकाला गाडीबरोबर मिळत नाही. त्याने गाडी घेतल्यावर ती भरून वजनकाट्यावर न्यावी, दांडीचा भार वेगळा मोजावा आणि मोकळ्या मैदानात वळणे व थांबणे यांचा सराव करावा. मगच लांबचा रस्ता धरावा.

आणि हिशेब जुळतच नसेल तर? तर प्रथम बर्फाची पेटी आणि खुर्च्या घरी ठेवाव्यात. तरीही जुळत नसेल, तर तंबूगाडीच सोडावी. साधा तंबू आणि काही किलो वजनाची घडीची खाट मोटारसायकलीवरच मावते, आणि गुडघ्यांची मुख्य तक्रार तेवढ्यानेही मिटते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याकडे सांगतात. येथे अंथरूणच मोटारसायकलीची ताकद पाहून पसरावयाचे आहे.