सरकार नको म्हणणाऱ्या भावांना

आमच्या कळंबकडे सरकारला नावे ठेवायला कुणाला शिकवावे लागत नाही. गाव वर्ध्याच्या रस्त्यावर, त्यामुळे सेवाग्राम-पवनारचे विचारही कानावर असतात. अभ्यासवर्गात भाऊ सांगतात, राज्य म्हणजे संघटित हिंसा. ते हटले की ग्रामस्वराज्य.

निम्मे मला पटते. शेतकऱ्याने जीव दिला की ती आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. २००६ च्या नियमाप्रमाणे पात्र असेल तर एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी घरात सातबारा हवा, कर्ज बँकेचे, सोसायटीचे नाहीतर परवानाधारक सावकाराचे हवे, वरून वसुलीचा तगादा हवा. बिनपरवान्याच्या सावकाराने नागवलेला माणूस कागदावर कर्जबाजारी नसतोच! अशा राज्यावर टीका कराच.

पण भाऊ, पुढे बोला ना. त्याच्यामागे राहिलेली बाई तहसीलच्या पायऱ्या झिजवते, कारण जमीन सासऱ्याच्या नावे. ती बाईच्या नावे करायची नाही, हे कुणी ठरवले? घराने. उद्या तहसील उठली तरी घर तिथेच राहणार. मग तिने दाद मागायची ती सासरा आणि दीर बसतात त्या पारावर?

'हिंद स्वराज्य'त (१९०९) गांधीजींनी ब्रिटिश पार्लमेंटला वांझ म्हटले, वेश्या म्हटले. पुढे १९२१ साली एका मैत्रिणीखातर एक शब्द मागे घेतला, 'वेश्या'. 'वांझ' तसाच राहिला. पुस्तक मोठेच आहे. पण राज्याला शिवी द्यायची झाली तरी ती बाईवरूनच सुचावी?

शरद जोशींचेही राज्याशी वैर होते. त्यांची बाजारावरची भिस्त मला मुळीच पटत नाही. पण १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचे अधिवेशन त्यांच्या संघटनेने भरवले, आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'त नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा असे सांगितले. म्हणजे राज्याचा हा टीकाकार निदान घराचा उंबरा ओलांडून आत तरी आला. (नाव चढवायला तलाठ्याकडेच जावे लागले, हे वेगळे.)

पुढच्या अभ्यासवर्गाला भावांनी पुस्तकांसोबत आपापला सातबारा आणावा. बायकोचे नाव मालकीत आहे, इतर हक्कात आहे की कुठेच नाही, ते आधी वाचू. राज्य मोडायचे कसे, ते त्यानंतर.