नाताळगीतांची दुरुस्ती
इंग्रजी नाताळगीतांतील जुने शब्द काढून सोपे घालावे, हे मत आम्हांस मान्य नाही. अर्थ अडेल तेथे टीप द्यावी. ‘गॉड रेस्ट यू मेरी, जेंटलमेन’ हेच गीत घ्या. यात ‘रेस्ट’ म्हणजे विश्रांती नव्हे, ‘ठेवो’. गृहस्थहो, देव तुम्हांस आनंदात ठेवो, असा हा आशीर्वाद. स्वल्पविराम एक शब्द मागे सरकविला की देव आनंदी गृहस्थांस निजवू लागतो! चार्ल्स वेस्लीने १७३९ साली आकाशासाठी योजिलेला ‘वेल्किन’ हा शब्द १७५३ साली व्हाइटफील्डने काढून तेथे देवदूत बसविले. ओळ गोड झाली खरी, पण दुमदुमणारे आकाश मुके झाले. चार्ल्सचा बंधू जॉन याने १७७९ साली विनविले होते की, भजने खुशाल छापावी, सुधारू नयेत. नपेक्षा मूळ पाठ समासात तरी द्यावा.